तलवार दिसते, तरी लागते

"मामा, त्याची तलवार मला येताना दिसते. मी अडवायचं बटणही दाबते. तरी लागतेच. असं कसं?"

भाचीने हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं हेडफोन लावून आपापल्या पडद्यासमोर बसलो होतो. मॉर्डहाउ हा मध्ययुगीन तलवारबाजीचा संगणकावरचा खेळ तिने नुकताच घेतला होता. तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, रड तर नव्हतीच. होतं ते निखळ आश्चर्य, हिशेबात कुठेतरी गफलत आहे अशी शंका आलेल्या माणसाचं. मागून कुणी घाव घातला, कुठूनसा बाण येऊन मानेत रुतला, तर आपण म्हणतो, दिसलंच नाही, काय करणार. पण समोरून, लख्ख उजेडात, चांगलं सवडीने आलेलं पातं डोळ्यांदेखत खांद्यात शिरतं तेव्हा ते अंगाला कमी आणि मनाला जास्त लागतं. मी तिला सगळे सांगतात तेच सांगितलं. "अगं, तू लवकर दाबतेस. जरा उशिरा दाब." उत्तर अगदी बरोबर होतं आणि तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

उशिरा म्हणजे किती उशिरा, ते कोण सांगणार?

हा प्रश्न नंतर बराच काळ माझ्या मागे लागला. कारण नवशिक्याला हा खेळ गाठतो तो नेमका इथेच. हातात ढाल नसेल तर इथे अडवणं म्हणजे बटण धरून बसणं नव्हे. पॅरी, म्हणजे हे अडवणं, क्षणभरच जिवंत असते. बटण दाबलं की तलवार आडवी येते, जेमतेम टिकते, आणि तेवढ्यात घाव आला नाही तर हात खाली जातो. तो पुन्हा उचलेपर्यंत तुम्ही उघडे. आता समोरच्याचा घाव पाहा. आधी तो तलवार मागे नेतो. लाँगसोर्डसारख्या मधल्या वजनाच्या हत्यारालाही त्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. मग पातं सुटतं आणि हवेत कमान काढत येतं, त्यातही वेळ जातो. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे वेळेची टंचाई अशी नसतेच. उलट वेळ इतका असतो की त्याचं काय करायचं ते कळत नाही, आणि घाबरलेलं बोट तो सगळा पहिल्याच क्षणी खर्चून टाकतं. तलवार मागे गेली, दाबलं. झेल घेताना लहान मूल चेंडू पोचायच्या आत ओंजळ मिटतं, तसंच हे.

बरं, ते टोक तुमच्यापर्यंत कधी पोचणार हे तरी ठरलेलं असावं, तर तेही नाही. घाव सुटल्यावर मारणारा आपलं अंग घावाच्या उलट दिशेला वळवू लागला की तेच पातं रेंगाळत, हवा चाटत येतं. याला खेळणारे ड्रॅग म्हणतात. घावाच्या दिशेनेच झपकन अंग टाकलं तर ते अपेक्षेच्या आधी येऊन थडकतं, तो ॲक्सेल. शिवाय तलवार मागे असेपर्यंत घाव रद्दच करता येतो, तो फीन्ट. किंवा त्याच टप्प्यात वाराची भोसक होते आणि भोसकेचा वार, तो मॉर्फ. एकदा पातं सुटलं की मात्र ना रद्द करता येत, ना बदलता येत. म्हणून पहिला व्यावहारिक सल्ला एवढाच उरतो की मागे नेलेल्या तलवारीला उत्तर देऊ नका, सुटलेल्या तलवारीला द्या. पात्याच्या टोकाकडे बघू नका, मूठ धरलेल्या हाताकडे आणि धडाकडे बघा. टोक फार लांबून भुलवतं. अंग मात्र कुठे वळलंय ते लपवता येत नाही. हे वाक्य मी तिला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं. "बरं" म्हणणाऱ्या माणसाला काहीही समजलेलं नसतं, हे मला आता कळतं.

मी स्वतः सुरुवात केली ती चौसष्ट जणांच्या गर्दीत. खेळ नुकताच, २०१९ च्या एप्रिलमध्ये, आला होता. स्लोव्हेनियातल्या ट्रायटर्नियन नावाच्या चिमुकल्या चमूने लोकवर्गणीतून उभा केलेला, आणि अचानक इतक्या जणांनी घेतलेला की सर्व्हर धापा टाकत होते. टायगा नावाच्या त्यातल्या रणभूमीचा बर्फ मला अजून आठवतो. पांढऱ्यावर लाल फार चटकन दिसतं. चारही बाजूंनी माणसं विनाकारण ओरडत असतात, कारण ओरडायचं बटण आहे आणि ते दाबल्यावाचून कुणाला राहवत नाही. लोखंडावर लोखंड आपटतं, घोडा अंगावरून जातो, आणि या सगळ्यात एखादा महाभाग चिलखतबिलखत न घालता, हातात ल्यूट घेऊन दोन्ही सैन्यांच्या मधोमध तारा छेडत उभा असतो. त्याला कुणी लगेच मारत नाही. मारलंच तर आजूबाजूचे त्या मारणाऱ्यावर तुटून पडतात. अशा गदारोळात मी कधी कुणाला मारलं, कुणी मला मारलं, कशाचा कशाला पत्ता नव्हता. आणि मी इतका खूष होतो की ते आज शब्दांत पकडायला गेलं तरी हाती लागत नाही.

गर्दीसाठी म्हणून जे सांगता येईल ते थोडकं आहे. आपल्याच माणसांमध्ये उभे असताना आडवा वार करू नका, तुमचं पातं मित्र-शत्रू ओळखत नाही आणि शेजाऱ्याला खरोखर लागतं. वरून खाली मारा किंवा भोसका. पहिल्या रांगेत धावू नका, पण शेवटच्याही नको. ज्याच्याशी कुणीतरी आधीच लढतंय त्याच्या बाजूला जा. यात काही गैर नाही. हे द्वंद्व नाही, लढाई आहे. दृश्य तिसऱ्या पुरुषी करून ठेवलंत, म्हणजे आपल्याच पाठीमागून खेळ बघितलात, तर बगलेतून येणारे निम्मे तरी दिसतील. हत्यारं-चिलखत निवडायला १६ गुण मिळतात, आणि जवळपास प्रत्येक नवखा त्यातले बरेचसे डोक्यापासून पायापर्यंतच्या जाडजूड पोलादावर उडवतो. माझं मत वेगळं आहे. पोलाद एखाददुसरा घाव जास्त झेलतं, पण पाय जड करतं, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज असते ती हलक्या पायांची. डोक्याला जाड शिरस्त्राण घाला, धडाला मध्यम काहीतरी, पायांना जवळजवळ काहीच नको. हातात लाँगसोर्ड. मॉल नावाचा तो अवाढव्य हातोडा एका फटक्यात डोकं फोडतो म्हणून मोहात पाडतो, पण तो सुटेपर्यंत समोरचा तुमच्या तीन पिढ्यांची चौकशी करून घेतो.

भाची मात्र या गर्दीत रमेना. तिला तिचं कोडं सोडवायचं होतं. म्हणून तिला मी ड्युएल सर्व्हरवर नेलं.

तिथली हवाच वेगळी. मोकळं पटांगण, जोड्याजोड्यांनी लढणारी माणसं, आणि आश्चर्य वाटावं इतका शिष्टाचार. एखाद्यासमोर जाऊन तलवार नुसती फिरवायची, म्हणजे विचारणं झालं. त्याने फिरवली की होकार. दोघं लढत असताना तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही. चालता चालता चुकून कुणाच्या वाराच्या कक्षेत आलात तर माफी मागायची. गर्दीतले जे राक्षस वाटतात ते इथे चक्क वाकून नमस्कार करतात आणि मग अत्यंत नम्रपणे तुमचा कचरा करतात. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण मेल्यावर कशाने मेलो ते इथे कळतं. पण याच जागेबद्दल माझ्या मनात एक अढीही आहे. अनुभवी माणसं लढताना बघायला बसलात तर ते सुंदर दिसत नाही. माणूस कमरेतून मागे वाकलाय, गर्रकन पाठ फिरवतोय, तलवार जमिनीकडे बघत येतेय. खऱ्या दीड किलोच्या आसपासच्या तलवारीने असं कुणी केलं तर पाठ फिरवलेल्या क्षणीच त्याचा निकाल लागेल. हे दुखणं मॉर्डहाउच्याही आधीचं. २०१२ च्या शिव्हलरी या अशाच खेळात लोक पाठमोरे होऊन डोक्यावरून उलटा वार घालत, त्याला भलामोठा पंथच होता. खेळातलं शरीर माउसच्या मागे जातं, कण्याच्या नाही. मग जिंकायला जे चालतं ते लोक करणारच. मला ते पटतं आणि आवडत नाही, दोन्ही.

तर त्या पटांगणात भाची मरत राहिली. पॅरी लवकर, मग मुद्दाम उशिरा, मग पुन्हा लवकर. तिची बोटं शहाणी होण्याऐवजी गोंधळत चालली होती. आणि तिची लढत बाजूला उभं राहून बघताना मला एक गोष्ट दिसली, जी तिला आतून दिसणं शक्य नव्हतं. समोरच्याने तलवार मागे नेली की तिचे पाय थिजत. एरवी पळणारी, उड्या मारणारी पोर वाराच्या क्षणी जमिनीत रोवल्यासारखी उभी. बोट दाबायचं या एकाच विचाराने तिच्या बाकी सगळ्या अंगाचा ताबा घेतला होता. मग मी तिला म्हटलं, "आज पॅरीचं बटण दाबायचंच नाही. काहीही झालं तरी नाही. फक्त चाल."

"मरेन की."

"मरतेच आहेस."

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सुरुवातीला ती नुसती मागे मागे जायची, आणि या खेळात उलटं चालणं पुढे येण्यापेक्षा सावकाश असतं, त्यामुळे समोरचा दोन ढांगांत गाठायचा. मग ती तिरकी निघायला लागली. मग एकदा कुणाचा तरी भलामोठा आडवा वार तिच्या छातीसमोरून वीतभर अंतरावरून सूं करून गेला, आणि हेडफोनमध्ये मला तिचा एकदम आत ओढलेला श्वास ऐकू आला आणि पाठोपाठ हसू. त्याचा वार हुकला होता. हुकलेला वार मारणाऱ्याचा स्टॅमिना खातो. तिने काहीही न करता त्याचं नुकसान केलं होतं. त्यानंतर तिचे प्रश्नच बदलले. "तलवार येते तरी लागते" हे गेलं आणि "याचा भाला कुठपर्यंत येतो?", "तो एक पाऊल टाकून मारतो की दोन?", "खाली वाकले तर हा वरून जाईल का?" असं सुरू झालं. ती आता बघत नव्हती, मोजत होती.

फियोरे देई लिबेरी नावाचा एक इटालियन तलवारबाज होऊन गेला. पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने आपली विद्या चित्रांच्या हस्तलिखितांत मांडून ठेवली. त्यातल्या एका पानावर मधोमध माणूस उभा आहे आणि भोवती चार प्राणी. पायाशी पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, म्हणजे स्थैर्य. एका बाजूला बाण धरलेला वाघ, वेग. दुसऱ्या बाजूला हृदय धरलेला सिंह, धाडस. आणि सगळ्यांच्या वर, डोक्याशी, लिंक्स नावाचं ते रानमांजर. लिंक्सची नजर सगळ्यात तीक्ष्ण अशी तेव्हाची समजूत. पण नुसत्या नजरेवर फियोरेचं समाधान झालेलं नाही. त्याने त्या मांजराच्या पंजात अंतर मोजायचा दोन पायांचा कंपास दिला आहे. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या पंजात आहे, असं मला ते चित्र पुन्हा बघताना वाटलं. तिला तलवार दिसत होती ती मांजराच्या डोळ्यांनी. कंपास हातात नव्हता.

मी तिला ते चित्र पाठवलं. तिला त्यातला हत्तीच जास्त आवडला. मग मी त्याहून जुनं एक पाठवलं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये ठेवलेलं, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचं, युरोपातलं आज उपलब्ध असलेलं तलवारबाजीचं सगळ्यात जुनं हस्तलिखित. त्यात पानोपानी एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि बारकी ढाल शिकवतो, आणि शेवटी शेवटी शिष्याच्या जागी वालपुर्गिस नावाची एक बाई येऊन उभी राहते, लांब झग्यात, तलवार सरसावून. ती कोण, कुठली, याबद्दल पान अवाक्षर बोलत नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी आपल्या योद्ध्याचं नाव बदलून वालपुर्गिस केलं होतं. मी काही बोललो नाही.

पाय सुटल्यावर पॅरी परत आली, आणि या वेळी ती बऱ्यापैकी वेळेवर यायला लागली. आधी जे सगळं ओझं एका बोटावर होतं ते आता पायांनी निम्मं उचललं होतं. पण लगेच दुसरी गोष्ट उभी राहिली, जी मला पहिल्याइतकीच मनोरंजक वाटते. घाव अडला की ती थांबायची. क्षणभरच, पण थांबायची. तो "वाचले!" चा क्षण. तलवारीवर तलवार आदळल्याचा तो खणखणाट, हाताला माउसमधून जाणवतो असा भास व्हावा इतका नेमका आवाज, आणि त्यानंतरचा सुटकेचा सुस्कारा. खेळाला तुमच्या सुस्काऱ्याची पर्वा नसते. पॅरी झाल्या झाल्या मारलेला वार, रिपोस्ट, हे अडवण्याचं खरं मोल असतं. तो न मारता नुसतं अडवत राहणं म्हणजे हप्त्याहप्त्याने हरणं, कारण अडवलेला प्रत्येक घाव तुमचा स्टॅमिना खातो, आणि तो संपल्यावर अडवायला गेलात की हत्यारच हातातून उडून पडतं. मग तुम्ही मोकळ्या मुठी घेऊन पटांगणात उभे. तिला मी सांगितलं की अडवणं आणि मारणं ही दोन कामं आहेत असं समजूच नकोस. हे मात्र तिला सांगून कळलं. कशामुळे काय कळेल याचा काही नेम नाही.

ढालवाल्यांसाठी लाथ आहे. ढाल धरून ठेवता येते, म्हणून घाबरट माणसं तिच्यामागे घर बांधून राहतात. लाथ कुठल्याच अडवण्याने अडत नाही. पोलादाने मढलेल्यांसाठी आणखी एक गंमत आहे. लाँगसोर्ड हातात असताना आर हे बटण दाबलं की योद्धा तलवार उलटी धरतो, पात्याला पकडून, आणि मुठीकडची आडवी दांडी हातोड्यासारखी घालतो. पोच कमी होते, पण चिलखतावर चांगली चालते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा खेळवाल्यांचा वेडेपणा वाटतो. हान्स टालहोफर या जर्मन तलवारगुरूच्या १४६७ च्या चित्रांत माणसं अशीच तलवारी उलट्या धरून एकमेकांना हाणताना दिसतात. खेळाचं नावही याच घावाचं.

या सगळ्यात एक गोष्ट मला सलते, आणि ती भाचीला सांगण्याची नाही. आता ती टायगाच्या बर्फात उतरते तेव्हा तिला बर्फ दिसत नाही. तिला अंतरं दिसतात. कोण कुठल्या हाताने मारतोय, कुणाचा स्टॅमिना उतरलाय, कुठून बाहेर पडता येईल. माझंही कधीचंच तसं झालंय. ल्यूटवाला दिसला की मी अजून थबकतो, पण त्याच्या सुरांकडे लक्ष नसतं; त्याच्याभोवती जमलेल्यांपैकी कोण पाठमोरा आहे ते मी बघत असतो. नवशिक्यांसाठीचे सल्ले लिहिणाऱ्यांना हे कधी कुणी विचारत नाही की बाबा, तू हे सगळं शिकवून माझं काय घेणार आहेस. चौसष्ट जणांच्या त्या पहिल्या गोंधळात मला काहीच येत नव्हतं, आणि सगळं जग माझ्यावर चाल करून आलंय असं वाटत होतं. ते वाटणं गेलं. त्याबदल्यात जे मिळालं तेही थोडं नाही. पण घासाघीस करायची संधी कुणी दिली नव्हती. म्हणून मी अलीकडे कुणी नवं आलं की पहिले काही दिवस काहीच सांगत नाही. ओरड, धाव, मर, ल्यूट वाजव. कोडं पडलं की तू स्वतःच विचारशील.

चेंबर मी भाचीला शिकवलं नव्हतं. येणाऱ्या घावाला त्याच कोनातल्या आपल्या घावाने ऐन वेळी गाठायचं, म्हणजे अडवणं आणि मारणं एकदमच होतं. बोटांना ते लवकर पेलत नाही, आणि अर्धवट आलेलं चेंबर हे न आलेल्यापेक्षा वाईट. ते तिला पटांगणातल्या कुणा अनोळखी माणसाने शिकवलं, तेही शब्द न वापरता, नुसता तोच तो वार पुन्हा पुन्हा घालून. मला थोडं लागलं हे खरं. आता आम्ही एकमेकांसमोर उभे राहतो तेव्हा ती माझ्या भोसकेला भोसकेने भेटते आणि वर मलाच सुनावते की मामा, तू फार वाट बघतोस, तू माझ्या वाराशिवाय हलतच नाहीस, तुझा स्टॅमिना फुकट जातो. मी म्हणतो, वाट बघणं म्हणजे काही न करणं नव्हे, मी अंतर राखतोय. ती म्हणते, अंतर राखतोयस की घाबरतोयस? मी तिला समजावून सांगत होतो की पुढाकार घेणं आणि उतावीळपणा यांत फरक असतो, आणि तो फरक नेमका कुठे आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मला लाथ घातली.